आडतीच्या कॉम्प्युटरवरचा पसारा पायथॉनने कसा लावायचा

संत्र्याचा हंगाम सुरू झाला की नागपूरच्या कळमन्याच्या बाजारातल्या आडतीत कागद वाढतो आणि त्याहून जास्त फाइली वाढतात. काट्याच्या पावत्यांचे फोटो, स्कॅन केलेल्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाचे कागद), ट्रकच्या बिल्ट्या, बँकेचे उतारे, सगळं ‘डाउनलोड्स’मध्ये नाहीतर ‘नवीन फोल्डर (३)’मध्ये जाऊन पडतं. काटोलच्या बगीचेवाल्याने दोन वर्षांपूर्वीची पट्टी मागितली तर दिवाणजींचा अर्धा तास शोधण्यात जातो. हा पसारा हाताने ओढून लावायला आठवडा लागेल. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेला मिनिटभर पुरतं, पण त्या मिनिटात चुकीच्या जागी गेलेल्या किंवा एकमेकींवर लिहिल्या गेलेल्या फाइली परत आणणारं ‘अनडू’चं बटण पायथॉनजवळ नाही. म्हणून खालची सगळी पद्धत एकाच क्रमाने जाते: आधी यादी, मग आराखडा, मग प्रत, मग पडताळणी. पुसायचं काम अगदी शेवटी.

बाहेरचं काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. पायथॉनसोबतच येणारे ‘पाथलिब’, ‘शटिल’, ‘सीएसव्ही’, ‘डेटटाइम’, ‘हॅशलिब’, ‘फाइलसीएमपी’ आणि ‘युनिकोडडेटा’ हे भाग पुरेसे आहेत. आवृत्ती ३.११ किंवा त्यापुढची घ्या, कारण खालची एक आज्ञा तिथूनच मिळते. आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी छोट्या अक्षरांत टाकायची, फक्त ‘पाथ’, ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ यांचं पहिलं अक्षर मोठं, ‘व्हॅल्यूएरर’मधले व्ही आणि ई, ‘इंडेक्सएरर’मधले आय आणि ई, ‘ओएसएरर’मधले ओ, एस आणि पहिला ई मोठे, आणि ‘एनएफसी’ पूर्ण मोठ्या अक्षरांत.

पत्ता लिहिण्यापासून सुरुवात

विंडोजवर पहिली ठेच इथेच लागते. ‘सी:\युजर्स\...’ हा पत्ता साध्या अवतरणात इंग्रजीत टाकला की प्रोग्रॅम सुरूच होत नाही, युनिकोडबद्दलची चूक दाखवून थांबतो. बॅकस्लॅशनंतर मोठा ‘यू’ आला की पायथॉन त्याला आठ अंकी अक्षरसंकेताची सुरुवात समजतो, आणि ‘युजर्स’ची सुरुवात नेमकी त्याच अक्षराने होते. बॅकस्लॅशनंतर छोटा ‘एन’ आला तर तिथे नवी ओळ सुरू होते, छोटा ‘टी’ आला तर टॅब. अवतरणाच्या आधी छोटा ‘आर’ लावला की हा त्रास थांबतो. त्याहून बरं म्हणजे पत्ता तुकड्यांनी जोडायचा: पाथ.होम() / "आडत" / "पट्ट्या". इथला तिरका दांडा पाथलिबचा जोडदांडा आहे. विंडोजवर आणि लिनक्सवर तो आपापल्या रीतीचा पत्ता बनवतो.

कोणत्याही पत्त्याचे तुकडे परत काढता येतात. ‘नेम’ पूर्ण नाव देतं, ‘स्टेम’ शेपटीशिवायचं (म्हणजे शेवटच्या ‘.पीडीएफ’सारख्या तुकड्याशिवायचं) नाव, ‘सफिक्स’ फक्त शेपटी आणि ‘पेरेंट’ वरचं फोल्डर. ‘सफिक्स’ फक्त शेवटच्या टिंबानंतरचं बघतं हे लक्षात ठेवा. तारखेत टिंबं वापरून ‘पट्टी १२.०४.२०२४’ असं नाव दिलं आणि शेपटी लावायची राहिली, तर ‘.२०२४’ हीच शेपटी ठरते. तारखेत टिंब नको, हायफन घाला. तिरका दांडा तर विंडोज नावात घेतच नाही.

आधी फक्त यादी

पहिला प्रोग्रॅम एकाही फाइलला हात लावणार नाही. तो फक्त बघेल आणि लिहील.

मूळ फोल्डरच्या पाथवर ‘आरग्लोब’ चालवा आणि कंसात फक्त तारका द्या. हे आतल्या सगळ्या पातळ्यांवर जाऊन प्रत्येक गोष्ट समोर ठेवतं. त्यातून ‘इज_फाइल’ खरं असेल तेवढंच घ्या. इथे ‘*.पीडीएफ’ असा नमुना द्यायचा मोह आवरा. लिनक्सवर तो छोट्या अक्षरांतली शेपटीच ओळखतो, आणि काही स्कॅनर शेपटी मोठ्या अक्षरांत लिहितात. ती सगळी पानं न सांगता सुटतात. सगळं घ्या आणि मग ‘सफिक्स.लोअर()’ करून पाहिजे त्या शेपट्या निवडा.

‘आरग्लोब’ कोणत्या क्रमाने फाइली देईल याची हमी नसते. म्हणून ‘सॉर्टेड’मध्ये गुंडाळून घ्या. त्याने क्रम ठरतो आणि दुसरं मोठं काम होतं: सगळी यादी आधीच हातात येते. फोल्डरमध्ये फिरता फिरताच त्यातल्या फाइली हलवल्या तर एखादी दोनदा भेटते, एखादी भेटतच नाही.

यादीत प्रत्येक फाइलचा पूर्ण पत्ता, शेपटी, ‘स्टॅट().एसटी_साइझ’मधून बाइटमधला आकार आणि ‘एसटी_एमटाइम’मधून शेवटच्या बदलाची वेळ लिहा. वेळ सेकंदांच्या मोठ्या आकड्यात येते. ‘डेटटाइम.फ्रॉमटाइमस्टॅम्प’ने ती वाचण्यासारखी होते. ‘एसटी_सीटाइम’ला मात्र फाइल तयार झाल्याची वेळ समजू नका. विंडोजवर तो अर्थ लागतो, लिनक्सवर ती फाइलच्या नोंदीत शेवटचा बदल झाल्याची वेळ असते.

ही यादी एक्सेलमध्ये उघडायची आहे, तेव्हा सीएसव्ही फाइल उघडताना दोन गोष्टी द्याव्याच लागतात. ‘एन्कोडिंग’ला ‘यूटीएफ-८-सिग’ दिलं नाही तर ‘नरखेड’ आणि ‘सावनेर’च्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. ‘न्यूलाइन’ला रिकामं अवतरण दिलं नाही तर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ येते. साध्या मजकुराची फाइल लिहितानाही ‘एन्कोडिंग’ स्वतः ‘यूटीएफ-८’ द्या. विंडोजवर काही न सांगता लिहायला गेलात तर पायथॉन बहुधा जुना पाश्चात्त्य अक्षरसंच धरतो आणि पहिल्याच देवनागरी अक्षराला अडतो.

आता यादी उघडा आणि नीट वाचा. ‘थंब्स.डीबी’, ‘डेस्कटॉप.आयएनआय’, टिल्डा आणि डॉलरने सुरू होणाऱ्या एक्सेलच्या तात्पुरत्या फाइली, शून्य बाइटची स्कॅन, हे सगळं इथेच दिसतं. कोणत्या शेपट्या हलवायच्या आणि कोणत्या सोडायच्या हे ही यादी वाचून ठरवायचं. हा अर्धा तास वाचवू नका.

फोल्डर कोणत्या हिशोबाने

आडतीचा पहिला विचार बहराने, म्हणजे संत्र्याच्या फुलोऱ्याच्या हंगामाने, फोल्डर करायचा असतो: आंबिया एकीकडे, मृग एकीकडे. ऐकायला बरं वाटतं, पण मृग बहराची संत्री साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाजारात येतात आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. सीए कागद मागतात ते आर्थिक वर्षाने. म्हणून वरचं फोल्डर आर्थिक वर्षाचं ठेवा, त्याच्या आत महिना, आणि बहर व गाव फाइलच्या नावात. वर्ष काढायचा नियम एका ओळीचा आहे: महिना ४ पेक्षा लहान असेल तर वर्षातून १ वजा करा. २० मार्च २०२५ची पट्टी त्यामुळे ‘२०२४-२५’मध्ये जाते.

महिन्याच्या फोल्डरला नुसतं ‘एप्रिल’, ‘ऑगस्ट’ नाव देऊ नका, ते अक्षराने लागतात आणि वर्षाचा क्रम बिघडतो. नुसतं ‘०१’, ‘०२’ दिलं तर आर्थिक वर्षात शेवटी येणारा जानेवारी सगळ्यात वर बसतो. ‘२०२४-०४’ ते ‘२०२५-०३’ असं पूर्ण लिहिलं की क्रम आपोआप जुळतो. एक अंकी महिन्याच्या पुढे शून्य हवंच, नाहीतर १० हा २ च्या आधी येतो. फाइलींच्या नावात अंक इंग्रजी ठेवा. पायथॉनला मराठी अंकांची अडचण नाही, ‘इंट’ला ‘१२’ देवनागरीत दिलं तरी तो बारा समजतो. पण नावं लावताना पायथॉन अक्षराचा संकेतांक बघतो, आणि सगळे इंग्रजी अंक सगळ्या देवनागरी अंकांच्या आधी येतात. दोन्ही मिसळले की क्रमाला अर्थ उरत नाही.

तारीख कुठून घ्यायची? मोबाइलवरून आलेल्या फोटोंसाठी फाइलच्या वेळेवर भिस्त ठेवू नका, ती बरेचदा फोटो कॉम्प्युटरवर उतरवल्याची वेळ असते. व्हॉट्सअॅपच्या फोटोच्या नावात आयएमजी, मग आठ अंकी तारीख, मग डब्ल्यूए आणि चार अंक असतात. ‘स्टेम’ हायफनपाशी ‘स्प्लिट’ करा, दुसरा तुकडा घ्या आणि ‘डेटटाइम.स्ट्रपटाइम’ला द्या. तारीख नसेल तर तो ‘व्हॅल्यूएरर’ देतो, आणि नावात हायफनच नसेल तर दुसरा तुकडा घेतानाच ‘इंडेक्सएरर’ येतो. दोन्ही पकडा आणि अशी फाइल ‘तपासायचे’ नावाच्या फोल्डरकडे पाठवा. अंदाजाने कुठेही टाकू नका. चुकीच्या महिन्यात गेलेली पट्टी हरवल्यात जमा असते, ‘तपासायचे’मधली निदान डोळ्यांसमोर राहते.

आराखडा आणि नावांची टक्कर

आता दुसरा प्रोग्रॅम. हाही काही हलवत नाही, फक्त प्रत्येक फाइलचा जुना पत्ता आणि नवा पत्ता अशी जोडी लिहितो. याच टप्प्यावर सगळ्यात महाग पडणारी चूक सापडते: दोन वेगळ्या फाइलींचा नवा पत्ता एकच निघणं.

हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. आडतीत दोन फोन असले तर दोघांवरही त्या दिवसाचा ‘डब्ल्यूए०००३’ असू शकतो, नाव तंतोतंत तेच आणि फोटो वेगळा. अशा वेळी काय होतं ते आज्ञेवर अवलंबून आहे. पाथलिबचं ‘रीनेम’ विंडोजवर चूक देऊन थांबतं, लिनक्सवर गुपचूप जुन्या फाइलीवर नवी बसवतं. ‘रिप्लेस’ दोन्हीकडे पुसतं. शटिलच्या ‘मूव्ह’ला नावासकट पूर्ण पत्ता दिला तर ते विंडोजवरही पुसतं. ‘कॉपी२’सुद्धा विचारत नाही. म्हणजे टक्कर ओळखायची जबाबदारी पूर्णपणे आपली.

त्यासाठी एक डिक्शनरी ठेवा, चावी म्हणून नवा पत्ता आणि किंमत म्हणून जुना. विंडोज मोठ्या-छोट्या अक्षरांत फरक करत नाही, म्हणून चावी ‘केसफोल्ड’ करून घाला. चावी आधीपासून असेल, किंवा त्या जागी ‘एक्झिस्ट्स’ खरं असेल, तर दोन फाइलींचा मजकूर ताडून पाहा. ‘हॅशलिब.फाइल_डायजेस्ट’ला ‘आरबी’ रीतीने उघडलेली फाइल आणि ‘एसएचए२५६’ द्या. आलेल्या उत्तरावर ‘हेक्सडायजेस्ट()’ केलं की ६४ अक्षरी ठसा मिळतो. ही आज्ञा ३.११पासूनची. ठसा सारखा असेल तर ती खरी दुबार प्रत, वेगळा असेल तर नावाला ‘-२’ जोडा आणि पुन्हा तपासा. नुसता आकार सारखा म्हणून दुबार ठरवू नका. एकाच स्कॅनरने काढलेल्या दोन पानांचा आकार योगायोगाने जुळू शकतो.

आराखड्याची यादीही एक्सेलमध्ये उघडा. वीस-तीस ओळी मधूनमधून तपासा, आणि ‘तपासायचे’कडे जाणाऱ्या सगळ्या. हे काम दिवाणजींना दाखवून करा, कारण कोणती पट्टी कोणत्या गावची हे त्यांच्या नजरेला लगेच कळतं.

प्रत, पडताळणी

नवी रचना शक्यतो दुसऱ्या डिस्कवर बांधा. आधी ‘शटिल.डिस्क_यूसेज’ने तिथली ‘फ्री’ जागा बघा. यादीतल्या आकारांच्या बेरजेपेक्षा ती आरामात जास्त हवी.

मग प्रत्येक जोडीसाठी आधी नव्या पत्त्याच्या ‘पेरेंट’वर ‘एमकेडिर’ करा, ‘पेरेंट्स=ट्रू’ आणि ‘एक्झिस्ट_ओके=ट्रू’ देऊन. पहिल्याने मधली सगळी फोल्डरं तयार होतात, दुसऱ्याने फोल्डर आधीच असेल तर प्रोग्रॅम अडत नाही. ही ओळ विसरलात आणि शटिलला नावाशिवाय नुसत्या फोल्डरचा पत्ता दिलात, तर फार वाईट घडतं. ‘२०२४-०४’ हे फोल्डर नसल्यामुळे त्या नावाची एक फाइल तयार होते, आणि पुढची प्रत्येक पट्टी त्याच फाइलीवर लिहिली जाते. ‘मूव्ह’ वापरलं असेल तर शेवटची एकच पट्टी उरते. म्हणून शटिलला नेहमी फाइलच्या नावासकट पूर्ण पत्ता द्या.

प्रतीसाठी ‘शटिल.कॉपी२’ घ्या. ‘कॉपीफाइल’ फक्त मजकूर नेतं, ‘कॉपी’ त्यासोबत परवानग्या नेतं, ‘कॉपी२’ बदलाची वेळही नेतं. पट्ट्यांच्या बाबतीत ही वेळ पुढे कामाला येते.

पडताळणीत एक बारीक खाच आहे. ‘फाइलसीएमपी.सीएमपी’ नेहमीच्या रीतीने फाइल उघडून बघतच नाही. प्रकार, आकार आणि बदलाची वेळ जुळली की ‘सारखी’ म्हणतं. ‘कॉपी२’ने वेळ तीच ठेवलेली असते, त्यामुळे मधल्या मध्ये बिघडलेली प्रतही पास होऊ शकते. ‘शॅलो=फॉल्स’ दिलं की ते एकेक बाइट ताडतं. वेळ लागतो, पण पडताळणी म्हणावी अशी हीच.

प्रत्येक फाइलची प्रत ‘ट्राय’मध्ये घ्या आणि ‘ओएसएरर’ पकडून पत्त्यासह चुकांच्या यादीत लिहा. एका अडलेल्या फाइलीसाठी बाकीच्या हजार थांबू नयेत. नुसतं ‘एक्सेप्ट’ लिहून चूक गिळू मात्र नका, काय राहिलं ते कधीच कळणार नाही. विंडोजवर सगळ्यात जास्त भेटतो तो ‘परमिशनएरर’, आणि बरेचदा त्याचं कारण साधं असतं: ती फाइल एक्सेलमध्ये किंवा पीडीएफ वाचकात उघडी आहे. बंद करा, पुन्हा चालवा.

देवनागरी नावांचं दुखणं

याबद्दल इंग्रजी मार्गदर्शकांत फारसं सापडत नाही, आणि मराठी नावांच्या फोल्डरमध्ये हमखास गाठतं. स्क्रीनवर ‘शेतकऱ्यांच्या पट्ट्या’ नावाची दोन फोल्डरं शेजारी दिसतात, अक्षर न् अक्षर सारखी. कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी नावं असतात.

कारण ‘ऱ्या’तला अर्धा र. तो तीन तऱ्हांनी साठवला जातो. एक, ‘ऱ’ हे एकच अक्षर आणि पुढे हलन्त. दोन, साधा र, त्याला वेगळा नुक्ता (अक्षराखालचं टिंब), मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर. कोणत्या कीबोर्डने टाइप केलं यावर ते ठरतं. जुन्या मॅक डिस्कवरून आलेल्या नावांत दुसरी तऱ्हा दिसते, कारण ती फाइलव्यवस्था नावं सुटी करूनच ठेवायची.

पहिली तऱ्हा वेगळी ओळखायला ‘लेन’ पुरतं. ‘शेतकऱ्यांच्या’ची लांबी पहिल्या तऱ्हेत १३ येते, बाकी दोन्हींत १४. दुरुस्ती दोन पायऱ्यांची. ‘युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ’ला ‘एनएफसी’ देऊन नाव चालवा, दुसरी तऱ्हा पहिलीत बदलते. तिसरीला हे लागू पडत नाही. तिच्यासाठी र, हलन्त आणि जोडचिन्ह या तिन्हींच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त असं ‘रिप्लेस’ स्वतः करावं लागतं. जोडचिन्ह संकेतांकाने लिहा, बॅकस्लॅश, छोटा यू आणि २००डी, म्हणजे कोडमध्ये ते डोळ्यांना दिसेल. हे सगळं एका छोट्या फंक्शनमध्ये ठेवा आणि टकरीच्या डिक्शनरीत चावी घालण्याआधी प्रत्येक नाव त्यातून काढा.

दुसरं दुखणं लांबीचं. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थांत एका नावाला २५५ बाइट मिळतात, आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. म्हणजे नावाला ८५ चिन्हं. डोळ्यांना पाच अक्षरांचं दिसणारं ‘शेतकऱ्यांच्या’ एकटंच ३९ बाइट घेतं. विंडोजवर मोजणी वेगळी आहे: नेहमीच्या मांडणीत पूर्ण पत्त्याला २६० चिन्हांची मर्यादा, ड्राइव्हच्या अक्षरापासून शेपटीपर्यंत. फोल्डरात फोल्डर घालत गेलं की ती लवकर संपते. आराखड्याच्या टप्प्यावरच ‘एन्कोड’ करून बाइट मोजा आणि पूर्ण पत्त्याचीही लांबी बघा.

पुसणं आणि साठवण

चुकांची यादी कोरी झाली आणि पडताळणी पूर्ण पास झाली, तरी जुनं फोल्डर लगेच पुसू नका. नाव बदलून ‘जुने’ करा आणि एक हिशोब पूर्ण होईपर्यंत राहू द्या. पायथॉनने पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. ‘अनलिंक’ एक फाइल पुसतं, ‘आरएमडिर’ फक्त रिकामं फोल्डर काढतं, आणि ‘शटिल.आरएमट्री’ आतल्या सगळ्यासकट झाड उपटतं. ‘आरएमट्री’ला जाणारा पत्ता कधीही दोन तुकडे जोडून आयत्या वेळी बनवू नका. त्यातला एक तुकडा रिकामा निघाला तर वरचं अख्खं फोल्डर जातं. रिकामी फोल्डरं काढायला ‘आरएमडिर’च वापरा. आत काही राहिलं असेल तर ते स्वतःहून नकार देतं.

बंद झालेल्या वर्षाची झिप करायला ‘शटिल.मेक_आर्काइव्ह’ आहे. पहिल्या जागी नाव शेपटीशिवाय द्या, नाहीतर ‘.झिप.झिप’ होतं. झिप त्याच फोल्डरच्या आत बनवू नका. पेन ड्राइव्हवर नेणार असाल तर तो फॅट३२ आहे का ते बघा, त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही. मग वर्षाऐवजी तिमाहीची झिप करा.

हा प्रोग्रॅम रोज संध्याकाळी बाजार उठल्यावर आपोआप चालवायचा असेल तर विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये घाला. तिथून चालताना चालू फोल्डर तुमचं नसतं, त्यामुळे अर्धवट पत्ते भलतीकडे जातात. पत्ते प्रोग्रॅमच्या स्वतःच्या जागेपासून मोजा: पाथ(__फाइल__).रिझॉल्व्ह().पेरेंट. आणि दरवेळच्या चुकांची यादी तारखेच्या नावाने त्याच्याच शेजारी पडू द्या, म्हणजे सकाळी आडत उघडल्यावर आधी ती बघता येते.